गोदामाच्या छपराचें पाणी आणि नळांतील उलटा प्रवाह

सहकारी संस्थांच्या मालकीचीं गोदामें आतां गांवोगांवीं उभीं राहूं लागलीं आहेत. सन २०२३ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें सहकारी क्षेत्रांत धान्य सांठविण्याची मोठी योजना मंजूर केली. तेव्हांपासून ज्या सोसायट्यांनीं पूर्वीं केवळ पीककर्जाचा व्यवहार केला, त्याहि गोदामाचे नकाशे मागवूं लागल्या आहेत. द्राक्षें, डाळिंबें, कांदा यांच्या प्रतवारीचीं शेडें तर कित्येक शेतकरी स्वतःच्या खर्चानें बांधीत आहेत. या इमारतींचा विचार होतो तो किती टन माल मावेल, मालमोटार आंत वळेल कीं नाहीं, कर्ज किती मिळेल या अंगानें. पाणी कोठून येईल व कोठें जाईल हा प्रश्न गवंड्यावर सोंपविला जातो, आणि गवंडी तो दैवावर सोंपवितो.

अशा इमारतींत पाणी दोन वाटांनीं येतें. एक आकाशांतून छपरावर, दुसरें नळांतून. या दोन्ही वाटांवर पाण्यानें एकाच दिशेनें जावें, मागें फिरूं नये, आणि एका वाटेचें पाणी दुसरींत मिसळूं नये, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे. ऐकावयास ही गोष्ट सोपी आहे. ती न पाळल्यामुळें धान्य कुजलें आहे, विहिरी नासल्या आहेत व माणसें दगावलीं आहेत. म्हणून ती थोड्या विस्तारानें मांडतों.

प्रथम छपराचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. हें एक माप ध्यानांत ठेविलें म्हणजे बाकीचें सर्व गणित घरच्या घरीं करतां येतें. समजा, गोदाम ३० मीटर लांब व १५ मीटर रुंद आहे. छपरानें झांकलेली जमीन ४५० चौरस मीटर झाली. पाख्यांचा उतार कितीहि असला तरी मोजावयाची ती ही खालची जमीन. पत्र्याची लांबी नव्हे. आतां तासास १०० मिलिमीटर या वेगानें पाऊस कोसळला, तर ताशीं ४५,००० लिटर, म्हणजे दर मिनिटास ७५० लिटर पाणी वळचणीस येऊन ठेपतें. दोनशें लिटरचीं जवळजवळ चार पिंपें एका मिनिटांत रितीं करावीं तसा हा प्रकार आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, आमचा मुलूख दुष्काळी. वर्षाचा पाऊसच पांच-सहाशें मिलिमीटर. आम्हांस एवढे नळ कशाला? हा समज चुकीचा आहे. पन्हळ व नळ यांस वर्षाच्या बेरजेशीं कर्तव्य नाहीं. त्यांची परीक्षा पावसाच्या त्या एका घटकेंत होते. वळवाची सर अवघी वीस मिनिटें पडते, पण त्या वीस मिनिटांत तिचा वेग कोंकणांतील संततधारेहून जास्त असूं शकतो. शिवाय आपल्याकडे त्याच दिवसांत गारा पडतात. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें महाराष्ट्रांत झालेली गारपीट वाचकांस आठवत असेल. गारा पन्हळींत सांचून नळाचें तोंड बुजवितात आणि मागचें पाणी पत्र्याखालून आंत शिरतें. कोंकण व मुंबईकडील लोकांस तर मोठ्या पावसाबद्दल वेगळें सांगावयास नकोच. सन २००५ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्या उदाहरणांतील गोदामावर त्या दिवशीं सव्वाचार लक्ष लिटरांच्या घरांत पाणी पडलें असतें.

आतां हें पाणी खालीं उतरविण्यास नळ किती लागतील? भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेंत याचें कोष्टक दिलेलें आहे. तासास १०० मिलिमीटर पाऊस धरल्यास १०० मिलिमीटर व्यासाचा एक नळ सुमारें ४२.७ चौरस मीटर छपराचें पाणी वाहूं शकतो, आणि ७५ मिलिमीटर व्यासाचा नळ केवळ २०.४ चौरस मीटरांचें. व्यास पाऊण झाला तर नळाची शक्ति निम्म्याहूनहि कमी झाली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. आपल्या ४५० चौरस मीटरांस मोठ्या व्यासाचे ११ नळ लागतात. लहान व्यासाचे घ्यावयाचे तर २३. ताशीं ५० मिलिमीटरच पाऊस धरला तरी १०० मिलिमीटरचे सहा नळ हवेत. आमच्या पाहण्यांत अशीं गोदामें आलीं आहेत, कीं ज्यांच्या दर्शनी भिंतीवर संस्थेचें नांव हातभर उंचीच्या अक्षरांनीं कोरलें आहे, आणि मागल्या बाजूस साऱ्या छपराला चार कोपऱ्यांस चार बारीक नळ आहेत. पाटीचा खर्च सभेंत कोणी विचारीत नाहीं; नळांचा विचारतात.

नळांहून अधिक घात करते ती पन्हळ. वळचणीस बाहेर टांगलेली पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर सांडतें. पागोळ्या पडतात, भिंत ओली होते, पण माल बहुधा वांचतो. याउलट दोन छपरें शेजारीं शेजारीं बांधून त्यांच्या मध्यें जी खोलगट पन्हळ ठेवितात, ती तुंबली म्हणजे पाणी सरळ थप्पीवर उतरतें. एकदां गोदाम बांधून झाल्यावर शेजारीं दुसरें जोडावयाचें व भिंतीचा खर्च वांचवावयाचा या लोभानें अशा पन्हळी निर्माण होतात. शक्य असेल तर त्या टाळाव्यात व दोन इमारतींत मोकळी गल्ली ठेवावी. टाळतां येत नसेल तर पन्हळ माणसास आंत पाऊल ठेवून साफ करतां येईल इतकी रुंद असावी आणि तिला सांडवा अवश्य ठेवावा. धरणास सांडवा कां असतो हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. पन्हळीचा सांडवाहि त्याचसाठीं. पन्हळीच्या टोकाच्या भिंतींत, पत्र्याच्या कांठाहून कांहीं बोटें खालीं, एक रुंद खांच ठेविली म्हणजे नळ बुजले तरी पाणी त्या खांचेंतून बाहेर उडी घेतें. त्याचा दुसरा उपयोग असा, कीं सांडव्यांतून धार पडूं लागली म्हणजे नळ तुंबल्याची वर्दी रखवालदारास खालूनच मिळते.

सपाट गच्ची असेल तर धोका वजनाचा. गच्चीला कठडा आहे, नळाच्या तोंडाशीं पाला व कबुतरांचीं पिसें अडकलीं आहेत, आणि वर केवळ १० सेंटिमीटर पाणी सांचलें आहे, असें धरा. प्रत्येक चौरस मीटरावर १०० किलो भार आला. ४५० चौरस मीटरांच्या गच्चीवर तो ४५ टन होतो. भरलेल्या गाड्यांची रांग डोक्यावर उभी करून खालीं हमाल काम करीत आहेत, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. म्हणून गच्चीच्या कठड्यांतहि सांडव्याचीं भोकें हवींत.

पाणी खालीं आणलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. नळ जोत्याशींच आणून सोडून देणें ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे आणि काळ्या रेगड जमिनींत ती फारच घातक आहे. ही जमीन ओली झाली कीं फुगते, वाळली कीं आकसते. उन्हाळ्यांत तिला पडणाऱ्या भेगा आपण दर वर्षीं पाहतों. नळाखालची जमीन फुगली व मधली कोरडी राहिली, म्हणजे पाया एके ठिकाणीं उचलला जातो व भिंत तिरपी तडकते. मग दोष सिमेंटास दिला जातो. जोत्याभोंवतीं बाहेरच्या बाजूस उतरती फरसबंदी करून नळाचें पाणी पक्क्या नालींतून दूर न्यावें, हाच त्यावरील उपाय. आंतल्या बाजूस थप्प्या भिंतीपासून हातभर दूर व लांकडी फळ्यांवर असाव्यात. ओल लागलेल्या धान्यास बुरशी येते. मका व भुईमूग यांवरील एका जातीच्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें, आणि तें धान्य पुन्हां उन्हांत वाळविलें तरी जात नाहीं. युरिया तर हवेंतील ओलाव्यानेंच दगड होतो. त्यास पागोळीची वाट पाहावी लागत नाहीं.

पक्क्या नालींतलें पाणी पुढें ओढ्यास किंवा गांवच्या गटारास जोडलें जातें, आणि येथून उलट्या प्रवाहाचा विषय सुरू होतो. ओढ्यास पूर आला व त्याची पातळी नालीच्या तोंडाहून वर गेली, तर पाणी नालींतून मागें येऊन गोदामाच्या अंगणांत उभें राहतें. छपराचा नळ जर शौचकूपाच्या नळास किंवा मैल्याच्या टांकीस जोडला असेल (खर्च वांचविण्यासाठीं असें सर्रास करतात), तर मोठ्या सरींत ती टांकी भरून तळमजल्याच्या मोरींतून घाण वर येते. छपराचें पाणी व मैलापाणी यांचे नळ वेगळेच असले पाहिजेत. ओढ्याकडील तोंडास मात्र झडप बसवितां येते, आणि ही झडप आपल्या देशास मुळींच नवी नाहीं.

रायगड जिल्ह्यांतील अलिबाग, पेण, उरण या भागांतील खारलँडचा शेतकरी बांधांत उघाडी ठेवितो. तिचें दार वरच्या बाजूनें टांगलेलें असतें. ओहोटी लागली कीं शेतांतलें पावसाचें पाणी त्या दारास बाहेर ढकलून खाडींत जातें. भरती आली कीं खाडीचेंच पाणी दार दाबून बंद करितें. माणसानें उठून कांहींच करावयाचें नसतें. गोव्यांतील खाजण जमिनींत अशाच दारास मानस म्हणतात. नळांत बसविली जाणारी उलट-प्रवाहरोधक झडप, जिला बाजारांत एन.आर.व्ही. म्हणतात, ती या उघाडीचीच धाकटी बहीण होय. पाणी पुढें जात असतां पडदा उचलला जातो, मागें फिरूं लागलें कीं पडदा बसतो. उघाडीचा दोषहि तिच्यांत आहे. दारांत लांकडाचा एक ओंडका अडकला तर खारें पाणी आंत शिरून भातशेती नासते. झडपेंत वाळूचा एक खडा अडकला तर तीहि मिटत नाहीं. म्हणून खारलँडचा शहाणा शेतकरी उघाडी बांधून घरीं झोंपत नाहीं, तो भरतीच्या वेळीं बांधावर फेरी मारतो. झडप विकणारे दुकानदार हा भाग सांगत नाहींत.

आतां नळांतलें पाणी मागें कां फिरतें तें पाहूं. ट्रॅक्टरच्या टांकींतून डिझेल काढावयाचें असतां आपण रबरी नळीचें एक टोंक टांकींत बुडवितों, दुसरें तोंडानें ओढतों व खालीं धरतों. मग डिझेल आपोआप येत राहतें. नळांत पाण्याचा दाब नाहींसा झाला म्हणजे सबंध नळ अशीच नळी बनतो. हवेच्या दाबास पाणी सुमारें १० मीटर उंच चढविण्याची शक्ति आहे. मुख्य नळ कोठें खालच्या अंगास फुटला, किंवा आगीच्या बंबानें एकदम पुष्कळ पाणी ओढलें, कीं वरच्या भागांतील नळ शोषूं लागतात आणि ज्याचें टोंक जेथें बुडालेलें असेल तेथील पाणी आंत घेतात. बादली असो, औषधाचें पिंप असो, कीं गुरांची डोण असो. दुसरा प्रकार दाबाचा: आपला पंप नळाहून अधिक दाब देत असेल आणि दोहोंची जोडणी एकच असेल, तर आपलें पाणी गांवच्या नळांत ढकललें जातें.

हा केवळ तर्क नव्हे. सन १९३३ मध्यें अमेरिकेंतील शिकागो शहरीं मोठें प्रदर्शन भरलें होतें. तेथील दोन हॉटेलांच्या जुन्या नळांत सांडपाणी व पिण्याचें पाणी एकत्र झालें आणि उतरलेल्या पाहुण्यांत आमांशाची सांथ पसरली. १,४०० हून अधिक लोक आजारी पडून ९८ मृत्यु झाले. पाहुणे आपापल्या गांवीं परतल्यावर आजारी पडल्यामुळें मूळ कोठें आहे हें कळण्यासहि विलंब लागला. दुसरें उदाहरण शेतकऱ्यास अधिक जवळचें आहे, कारण त्यांत अपराधी ठरली ती पाणी देण्याची व्यवस्थाच. सन १९६९ मध्यें त्याच देशांत वूस्टर येथील होली क्रॉस कॉलेजाच्या खेळाडूंस कावीळ झाली. त्यांच्या मैदानावर गवतास पाणी देण्यासाठीं जमिनींत बसविलेले फवारे होते व त्यांचे खड्डे पाण्यानें भरत. ज्या घरांत कावीळ होती तेथील मुलें त्या पाण्यांत खेळत. एके दिवशीं गांवांत आग लागली, बंबांनीं पाणी ओढलें, नळाचा दाब पडला, आणि खड्ड्यांतील पाणी शोषलें जाऊन खेळाडूंच्या पिण्याच्या तोटींत आलें. ९७ जणांपैकीं ९० जणांस संसर्ग झाला. दोन सामने खेळून त्या वर्षाचे पुढचे सर्व सामने सोडून द्यावे लागले.

त्या देशांत नळांतील दाब पडणें हा अपघात होता. आपल्याकडे तो रोजचा क्रम आहे. बहुतेक गांवांत व शहरांत नळास पाणी ठराविक वेळींच येतें. उरलेला सारा वेळ नळ रिता व शोषणास तयार असतो. त्यांतच पुष्कळ लोक नळास थेट मोटर लावून पाणी खेंचतात. एकानें मोटर लावली कीं त्या नळाच्या प्रत्येक सैल सांध्यांतून भोंवतालच्या गटाराचें पाणी आंत ओढलें जातें, तें प्रथम मोटरवाल्याच्याच घरीं जातें व मग शेजाऱ्याच्या. पावसाळ्याच्या तोंडीं गांवांत कावीळ व जुलाब एकाच आळींत कां दिसतात, याचें एक कारण येथें शोधावें.

गोदामापुरता हा धोका छपराच्या पाण्यामुळेंच वाढतो. ६०० मिलिमीटर पावसाच्या भागांत आपल्या ४५० चौरस मीटर छपरावरून, शेंकडा २० वाया गेलें असें धरूनहि, वर्षास २ लक्ष १६ हजार लिटर पाणी मिळतें. तें सांठवावें असें कोणासहि वाटेल व तें योग्यच आहे. पहिल्या सरींचें पाणी सोडून द्यावें, कारण त्यांत उन्हाळ्याची धूळ व पक्ष्यांची विष्ठा असते. पुढील पाणी धुण्यास, झाडांस, आगीच्या बंदोबस्तास फार उपयोगी. परंतु मार्च-एप्रिलांत टांकी रिकामी होते, तेव्हां तींत गांवच्या नळाचें पाणी सोडण्याची सोय हवी असते. मिस्त्री दोन नळ एका तोटीनें जोडून मोकळा होतो, आणि नळाचें तोंड टांकीच्या पाण्यांत बुडेल असें ठेवितो, कारण धार पडल्याचा आवाज येत नाहीं. त्या क्षणापासून छपरावरील कबुतरें व गांवचें पिण्याचें पाणी यांच्या मध्यें एका तोटीखेरीज कांहीं राहत नाहीं.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय फुकटांतला आहे, व तो म्हणजे मोकळी हवा. नळाचें तोंड टांकीच्या कांठाहून, पाणी सांडूं लागेल त्या पातळीहून, नळाच्या व्यासाच्या दुप्पट उंच ठेवावें. नळ कितीहि बारीक असला तरी हें अंतर २५ मिलिमीटरांहून कमी नसावें. ५० मिलिमीटरच्या नळास १०० मिलिमीटर. मध्यें हवा आहे तोंवर कितीहि शोषण झालें तरी नळ हवाच ओढील. हवेस गंज चढत नाहीं व तिच्यांत खडा अडकत नाहीं. जेथें दाबाखालीं जोडणी करणें भागच आहे, उदाहरणार्थ शीतगृह किंवा मोठी प्रतवारी-शाळा, तेथें दोन झडपा एकापुढें एक बसवून त्यांच्या मध्यें आपोआप उघडणारें तोंड असलेलें यंत्र मिळतें. मागली झडप गळाली तर पाणी त्या तोंडांतून बाहेर पडतें, मागें जात नाहीं. मात्र तें जमिनीखालच्या खड्ड्यांत बसवूं नये, कारण खड्डा भरला म्हणजे तेंच तोंड बुडून राहतें. वर्षांतून एकदां जाणकाराकडून त्याची परीक्षा करवावी. आगीच्या टांकीचें पाणी महिनोन्महिने हलत नाहीं. तिचे नळ पिण्याच्या नळास कधींच जोडूं नयेत.

शेवटीं विहिरीची गोष्ट. ठिबकाबरोबर खत देण्याची रीत आतां सर्वत्र झाली आहे. पंप चालूं आहे, व्हेंचुरीनें खताचें पाणी ओढलें जात आहे, आणि वीज गेली. पंप थांबतांच नळींतील पाण्याचा स्तंभ विहिरीकडे परत फिरतो व खताचें पाणी, किंवा मुळांस द्यावयाचें औषध, त्याच्या मागोमाग विहिरींत उतरतें. रात्रपाळीच्या विजेवर हें कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहीं. पुष्कळांचा भरंवसा फूट व्हॉल्व्हवर असतो. परंतु त्याचें काम पंपांत पाणी धरून ठेवण्याचें आहे, आणि तळाच्या गाळांत राहून तो गळत नाहीं असा क्वचित्. पाणबुडी मोटरीच्या तोंडावरील झडपेचीहि तीच कथा. म्हणून खताच्या जोडणीच्या अलीकडे, म्हणजे पंपाच्या बाजूस, जमिनीवर हात पोंचेल अशा जागीं वेगळी झडप असावी; पंप व ही झडप यांच्या मध्यें नळांत हवा घेणारा व्हॉल्व्ह असावा, आणि त्याच तुकड्यास खालच्या अंगानें एक लहान तोटी असावी. फवारणीचें पिंप भरतांना नळीचें टोंक औषधांत बुडवूं नये, हें वरील विवेचनावरून ध्यानांत आलेंच असेल.

ती लहान तोटी झडपेच्या परीक्षेसाठीं आहे. खत न सोडतां पंप कांहीं वेळ चालवून बंद करावा व तोटी उघडावी. पंपाच्या बाजूचें उरलेलें पाणी निघून जाऊन धार थांबली, तर झडप ठीक. धार थांबतच नसेल तर पुढचें पाणी झडपेंतून मागें येत आहे. झडप खोलून पडद्याखालचा खडा काढावा, रबर कडक झालें असल्यास नवें घालावें, आणि पुन्हां परीक्षा होईपर्यंत त्या जोडणींतून खत सोडूं नये.